दुर्बिणीत डुक्कर, मख्खीत माणूस

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चप्पल घालून निघणारा माणूस. शाळेत सायन्स शिकवायचो, त्यामुळे मिजासही जरा जास्तच. तरी हे लिहितोय... कारण मनातून जातच नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षातली गोष्ट. दंगलीमुळं पोलीस ठाण्यात जमा केलेल्या परवान्याच्या बंदुका नुकत्याच परत मिळाल्या होत्या. झरी गावाजवळच्या आमच्या शेतात रानडुकरांनी भुईमुगाची पार वाट लावलेली. त्यांना मारायची परवानगी थोरल्या भावाकडे, अण्णाकडे होती. मी हौसेनं रायफलीला दुर्बीण आणली, तर अण्णा वैतागला. "आपली मख्खीच बरी," म्हणे. मख्खी म्हणजे नळीच्या टोकावरची लोखंडी खूण, तिच्यावरून नेम धरायचा. शेवटी दुर्बीण उंच बसवली, म्हणजे खालून मख्खीही दिसेल. तेव्हा कुठं भांडण मिटलं.

दिवस कलल्यावर बांधावर बसलो. बसण्याआधी अण्णानं रीतीप्रमाणं शिवारात हाळी दिली, "बंदूक हाय रे, इकडं येऊ नका!" शेजारच्या दत्तूकाकानं ओढ्यापलीकडून ओ दिली.

थोड्या वेळानं भुईमुगात काळं काही हललं. दुर्बिणीत डुक्कर स्पष्ट दिसलं, सुळ्यांवरची मातीसुद्धा. खात्री करावी म्हणून सहज खाली मख्खीतून पाहिलं... तिथं दत्तूकाका उकिडवा बसलेला. माझ्याकडं बघत एक हात वर केलेला. पुन्हा दुर्बीण — डुक्कर. पुन्हा मख्खी — काका.

"अण्णा, दत्तूकाका हाय तिथं."

"येडा झालास का? डुक्कर दिसायलंय की. मार!"

मी गोळीच काढून घेतली. आमच्या बोलण्यानं डुक्कर बिथरलं आणि ओढ्याकडं सुटलं. मग पलीकडून किंकाळी आली. काकाची मांडी फाडली होती त्यानं. परभणीचा दवाखाना येईपर्यंत काका जीपमध्येच गेला.

अण्णा म्हणतो, डोळे थकले असतील तुझे. असतील. पण एकाच रायफलीवर, एकाच घटकेला दोन वेगळी चित्रं? मला आजवर उलगडा झालेला नाही.

दहाव्यानंतर मी काकूंना सगळं सांगितलं. माझ्यामुळं काका गेला, हेही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं,

"हात वर केलता म्हणता... ते थांब म्हणायलते, का मार म्हणायलते?"