स्वामी मातीला का गेले नाहीत

लातूरहून अहमदपूरमार्गे लोह्याला जाणारी एसटी सकाळी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत माझीच कथा छापलेला एक जुना दिवाळी अंक होता. लोह्याजवळच्या ज्या गावात मी दोन वर्षं शिक्षक होतो, तिथल्या शिवलिंग स्वामींवर ती कथा होती. स्वामी म्हणजे गावचे जंगम (लिंगायतांचे धार्मिक विधी करणारे). त्यांच्या मुलीचा, महानंदाचा, फोन आला होता. "बाबा म्हणतेत, गुरुजीला एकदा येऊ द्या. गोष्ट वाचून दाखवू द्या."

लोह्यात जीपमध्ये पुढची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं होती. गावाच्या आधी टायर बसला आणि शेवटचं अंतर मी चालत गेलो.

महानंदाने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवण झाल्यावर स्वामींनी हात धुतले. मग म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक गरीब म्हातारी वारते आणि गरिबाघरी काय जायचं म्हणून गर्विष्ठ स्वामी तिच्या मातीला (अंत्यविधीला) जात नाही, अशी ती कथा. नाव बदललं होतं, पण गावाला कळायचं ते कळलंच. शेवटी माझा आवाज बारीक झाला.

"गेलो न्हाई, हे खरं हाय," स्वामी म्हणाले. "पण गरीब म्हणून न्हाई. ओढा भरून आलता. मला पोहता येत न्हाई. लई भ्या (भीती) वाटलं."

महानंदा दारात थांबली. "बाबा, हे आमालाबी कधी सांगितलं न्हाई."

"लाज वाटली. पाण्याला भिलो, असं स्वामीनं कसं सांगावं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वारलेली ती काशीबाई, तिचा लेक बसलिंग. आधी त्याला राग व्हता, पण रस्त्यात शरणार्थ (नमस्कार) घालायचा. तुमची गोष्ट वाचली अन् तवापासून बोलंना. आता त्याच्या पोरीचं लगीन हाय. स्वामी दुसऱ्या गावचा आणायलाय."

मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो त्यांना."

"तुमी नगा सांगू. मी सांगतो. तुमी निस्ते संगं चला."

ओढ्यात घोटाभर पाणी होतं. स्वामी माझा हात धरून उतरले आणि पलीकडे गेल्यावरच त्यांनी तो सोडला. बसलिंग हरभऱ्याला पाणी देत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून दारं मोडू (पाटाचं पाणी वळवू) लागला. स्वामी बांधावर उभे राहिले आणि मला सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत त्यांनी त्याला सांगितलं. मी फक्त म्हणालो, "गरिबीचं कारण माझ्या मनाचं होतं. यांना मी विचारलं नव्हतं."

बसलिंगने खोरं खाली ठेवलं.

"तवाच सांगायचं की, स्वामी," तो म्हणाला. "मी खांद्यावर घेऊन आलो असतो तुमाला."

स्वामींनी उपरण्याने डोळे पुसले. लग्नाचं कुणी काहीच बोललं नाही. परतताना मात्र बसलिंग आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आला आणि स्वामींच्या पुढे पाण्यात उतरला.

संध्याकाळच्या गाडीने मी लातूरला निघालो. दोन वर्षं मी स्वामींच्या शेजारच्या खोलीत राहिलो होतो. आमच्यात एक भिंत होती. कथा लिहिताना ती ओलांडून एक प्रश्न विचारावा, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.