रेवाच्या ताटाभोवतीचं पाणी

२०१७ च्या फेब्रुवारीत मी देवाशी बोलणं टाकलं. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. सिटीवेस्टच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये देव आहेत, आणि त्यांत आईनं लग्नात दिलेली, तांदळात बसवलेली पितळेची अन्नपूर्णा. ऑफिसला निघण्याआधी मी रोज दिवा लावायची. त्या सकाळी प्रेसचं दार उघडलं आणि तसंच लावून टाकलं. म्हटलं, तुला ऐकूच येत नसेल तर मी तरी माझा घसा का कोरडा करू?

कारण माझी लेक चार महिन्यांपासून कुलपात होती. रेवा तेव्हा बावीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे, समज लहान मुलाची आहे, आणि बोलायला मोजून आठ-दहा शब्द. ती दिवसा ज्या केंद्रात जायची ते अचानक बंद झालं, तिची घडी विस्कटली, आणि एका दुपारी तिनं हातानं खिडकीची काच फोडून घेतली. 'थोडे दिवस, औषधं बसेपर्यंत' असं सांगून तिला दोन तासांवरच्या एका रुग्णालयाच्या बंदिस्त विभागात नेलं. तिथे प्रत्येक दाराला कार्ड, प्रत्येक दारानंतर आणखी एक दार. गुन्हा काय, तर ती घाबरली होती! घाबरलेल्या माणसाला कुलूप लावून शांत करायची ही कुठली रीत, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

फोन केला की पलीकडून एकच उत्तर, इथे 'छान आहे' म्हणायला वापरतात ते, "शी इज ग्रँड." आणि पंधरा दिवसांनी कागद यायचा तेव्हा त्यात वेगळंच. जेवण टेबलावर फासते. मुद्दाम पाणी सांडते. ताट काढून घेतल्यावर आरडाओरडा, डोकं आपटणं. दोघांनी धरून ठेवलं, इंजेक्शन दिलं, एकटीला खोलीत ठेवलं. पुढच्या कागदात, आता झाकणाचा प्लास्टिकचा पेला देतो. त्याच्या पुढच्या कागदात, जेवणच नाकारते. तिचं वजन उतरत होतं आणि औषध चढत होतं. माझा नवरा शेजारच्या टॅला या उपनगरात डॉक्टर आहे. तो म्हणायचा, "अगं, त्यांचे प्रोटोकॉल असतात. त्यांना त्यांचं काम करू दे." आपली माणसं परदेशात फार गुणी होतात. कोणाला त्रास नको, कोणाला उलट बोलायला नको. मीही त्यातलीच. भेटायला जायचे तेव्हा बिस्किटांचा डबा नर्सेसना देऊन थँक्यू थँक्यू करत परत यायचे. जेवणाच्या वेळी नातेवाइकांनी थांबायचं नाही असा तिथे नियम होता, म्हणून रेवाला जेवताना मी पाच महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये पत्र आलं. रेवाची तब्येत 'आमच्या क्षमतेपलीकडची' आहे, तेव्हा तिला इंग्लंडमधल्या एका अधिक सुरक्षित रुग्णालयात हलवण्याबद्दल पुढच्या गुरुवारी बैठक आहे. समुद्रापलीकडे! जिला सिटीवेस्टहून कॉर्कला नेलं तरी तीन दिवस झोप येत नाही, तिला हे बोटीत नाहीतर विमानात घालून दुसऱ्या देशात ठेवणार. किती दिवस, ते पत्रात नव्हतं.

मी रजा टाकून दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. तिथे पोहोचले तर दारावर सांगितलं, सकाळपासून ती अस्वस्थ आहे, आज भेट नाही. मी हुज्जत घातली नाही. सवयीनं 'नो प्रॉब्लेम' म्हटलं, आणि पार्किंगमध्ये येऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. दीड महिन्याचं मौन तिथे सुटलं. प्रार्थना वगैरे नव्हती ती, सरळ भांडण होतं. म्हटलं, नावाची अन्नपूर्णा तू, आणि माझं लेकरू आत उपाशी! तुझ्यापुढे तांदूळ ओतत बसले मी पंचवीस वर्षं, ते कशासाठी? आज काही करणार नसशील तर तसं सांग, घरी जाऊन तुझं बोचकं बांधते.

काचेवर टकटक झाली. साठीची एक बाई, अंगात जाड कोट, हातात चष्म्याचं घर. "आर यू ऑल राइट, पेट?" पेट म्हणजे इथलं 'बाळा'. मी मान हलवली. ती म्हणाली, "तुम्ही रेवाच्या आई ना? मी ब्रीडा. इथल्या किचनमध्ये असते. आज माझी सुट्टी आहे, काल चष्मा विसरले तो न्यायला आले होते." मग न विचारता ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. तिचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं, पण मला ते आठवतं मराठीतून.

"एक विचारू? तुमची लेक जेवणाआधी प्रार्थना करते का? ताटाभोवती पाणी फिरवते, मग बाहेर तीन छोटे छोटे घास ठेवते. बटाटा असेल तर बटाट्याचे. माझी आजी पाव कापण्याआधी सुरीनं त्याच्यावर क्रूस काढायची. तो काढल्याशिवाय घरात कोणाची खायची छाती नव्हती. मला तेच आठवलं."

चित्राहुती! माझे सासरे दर हिवाळ्यात नागपूरहून यायचे आणि जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून तीन घास बाहेर ठेवायचे. छोटी रेवा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि तेच करायची. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, मुली नाही ना करत हे? तर म्हणाले, "करू दे वो तिला. तिचं अन् देवाचं चालू आहे, आपण काऊन मधात पडावं?" सासरे गेले, रेवाचं पाणी राहिलं. घरी दिवसातून दोनदा ती हे करायची आणि मी फडकं घेऊन पुसायची. इतकं रोजचं, की मला ते दिसेनासंच झालं होतं.

आणि खरी शरमेची गोष्ट इथेच सांगते. तिला दाखल करताना फॉर्म भरला होता. त्यात प्रश्न होता, 'धार्मिक किंवा सांस्कृतिक गरजा?' मी लिहिलं होतं, 'काही नाही.' आपल्याला अंधश्रद्धाळू समजतील, उगाच स्पेशल वागणूक मागतो असं वाटेल, म्हणून. दोन शब्द. त्या दोन शब्दांपायी माझ्या मुलीचे दंड धरले गेले.

ब्रीडा सांगत होती. माणसं कमी असली की वॉर्डात ताटं तीच न्यायची. तशा दोन-तीन दिवशी तिनं साधा पेला ठेवला आणि नुसती थांबली. रेवानं पाणी फिरवलं, घास ठेवले आणि ताट चाटून पुसून संपवलं. "मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली, ते केअर प्लॅनमध्ये नाही. पण आमच्याकडे प्रत्येक परत आलेल्या ताटाची नोंद होते. कोण किती जेवलं, ताट कोणी नेलं. बैठकीत ते कागद मागा. आईला मागता येतात." एवढं बोलून ती उतरली आणि तिच्या बससाठी चालू लागली.

गुरुवारी टेबलाभोवती सात जण होते. मोठ्या डॉक्टरांनी रेवाबद्दल वीस मिनिटं बोलून घेतलं, त्यात रेवा कुठेच नव्हती. मग मी म्हटलं, फॉर्मवर मी चुकीचं लिहिलं, तो दोष माझा. पण पाच महिने तुम्ही तो फॉर्म पाहिलात, माझी मुलगी पाहिली नाहीत. मला किचनच्या नोंदी हव्यात, आणि आजचं जेवण मी तिच्या शेजारी बसून देणार. माझा आवाज चढला होता. नवऱ्यानं माझा हात दाबला, गप्प करायला असेल असं मला वाटलं. पण तोच म्हणाला, "आम्ही दोघं बसणार."

नोंदी आल्या. जेवलेले दिवस आणि ब्रीडाचे दिवस तेच होते. दुपारी एक वाजता मॅश केलेले बटाटे, गाजर आणि साध्या पेल्यात पाणी आलं. रेवा कृश झाली होती, औषधानं हात थरथरत होते. तिनं पेल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कोणी धरायला येतंय का, ते पाहत होती माझी पोर. मग तिनं ताटाभोवती पाणी फिरवलं. अर्धं सांडलं. बटाट्याचे तीन घास बाहेर ठेवले, हात जोडले आणि जेवायला लागली. माझ्या नवऱ्याला मी त्याच्या बापाच्या मरणातही रडताना पाहिलं नव्हतं, तो तिथे रडला.

मोठे डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, "हे आम्हाला कळायला काही मार्गच नव्हता."

"होता," मी म्हटलं. "तुमच्या किचनमध्ये काम करतो तो."

इंग्लंड रद्द झालं. औषध हळूहळू उतरलं. तरी तिला बाहेर पडायला आणखी सात महिने लागले, कारण बाहेर जागा नाही म्हणे. आज ती टॅलाला एका छोट्या घरात दोन मैत्रिणींबरोबर राहते. ब्रीडाला मी शोधायला गेले तेव्हा ती निवृत्त होऊन गावी गेली होती. त्या दिवशी ती तिथे का आली, याचं उत्तर चष्मा हे आहे आणि ते मला पुरतं. त्यापुढचं मी कोणाशी वाद घालत नाही, नुसता नमस्कार करते.

सगळं देवावर सोपवावं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मी सोपवलंही होतं, पण देवावर नाही, फायलीवर. खालमानेनं थँक्यू म्हणत राहण्याला मी श्रद्धा समजत होते. शरण गेले ते पार्किंगमध्ये, जेव्हा औपचारिकपणा सोडून मी देवाशी भांडले. तो राग त्यानं माझ्याकडून काढून घेतलेला नाही, आणि घेऊ नये. रेवाला न्यायला गेलो त्या दिवशी तिच्या शेजारच्या खोलीतली पन्नाशीची बाई काचेला नाक लावून उभी होती. ती किती वर्षं आहे इथे, असं विचारलं तर नर्सला आठवेना. तिची आई वारली आहे, भेटायला कोणी येत नाही. आता महिन्यातून एका रविवारी मी दोन तास गाडी चालवून तिच्याकडे जाते, भर जेवणाच्या वेळी, आणि मला बाहेर थांबा म्हणायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही.