दारातला माणूस

प्रेक्षक हसायला लागले की पेटीवाले काकांची पेटी संथ होत असे. हॅम्बर्गच्या एका छोट्या थिएटरात तेव्हा रविवारी सकाळी जुने मूकपट दाखवत आणि साथीला काका बसत. त्यांचा आवडता मूकपट घोटाळ्याचा होता. नायिका ड्रायव्हरलाच आपला नियोजित वर समजते, त्याच्याशी लाडात येते आणि खरा वर फुलं घेऊन दाराबाहेर भिजत राहतो. सगळे खो-खो हसत. "इथे तरी जलद वाजवा," मी एकदा म्हटलं. काका म्हणाले, "अगं, दारातल्या माणसाकडे कोणी बघतच नाही."

पुढे काकूंची स्मृती गेली. त्यांना आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथल्या उंच जर्मन ब्रदरला त्या 'अहो' म्हणून हाक मारू लागल्या. तोही बिचारा ओ देई.

व्यवस्था लावणं हा माझा स्वभाव. लग्नाचा फोटो उशाशी ठेवा, असं मी सुचवलं. काकूंनी तो नीट निरखला आणि ब्रदरला म्हणाल्या, "तेव्हा किती बारीक होतात हो तुम्ही!"

"काका, स्पष्ट सांगून टाका ना त्यांना."

"सांगितलं. परक्या माणसाने हात धरला म्हणून घाबरली, रडली. आता नाही सांगणार. सिनेमात शेवटी ओळख पटते ना? थांबू या."

मग ते पेटीवाले म्हणूनच जाऊ लागले. खुर्ची पलंगापासून जरा लांब ओढायची, नमस्कार करायचा, वाजवायचं. मंगळवारी मी त्यांना गाडीने नेत असे. अशाच एका मंगळवारी काकू म्हणाल्या, "छान वाजवता. आमचे हेसुद्धा वाजवतात, पण तुमच्याइतकं नाही." थोड्या वेळाने त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "निघा आता. घरी वाट बघत असतील तुमची."

"हो," म्हणत काकांनी भाता मिटला.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. निरोप आला आणि मी काकांना घेऊन निघाले, पण आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांचा हात ब्रदरच्या हातात होता. तो गडबडीने उठला आणि त्याने खुर्ची काकांकडे सरकवली. काका बराच वेळ उभेच राहिले.

नंतर थिएटरात पुन्हा तोच मूकपट लागला. "दुसरा लावायला सांगते," मी म्हटलं. "नको," काका म्हणाले. दाराबाहेरच्या प्रसंगाला त्यांनी पहिल्यांदाच जलद वाजवलं. लोक नेहमीपेक्षा जास्त हसले. शेवटी नायिकेला खरा वर ओळखू येतो आणि ती धावत सुटते, तिथे मात्र काकांनी हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर ती धावत होती आणि थिएटरात फक्त प्रोजेक्टरची घरघर चालू होती.

प्रेक्षकांना ती कल्पना फार आवडली. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.