लाल शेरा

काकांना आम्ही पाठीमागे 'लाल शेरा' म्हणायचो. दिसत काहीच नव्हतं त्यांना, पण आमच्या हिरव्यागार अहवालात खोट काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आज ते नाहीत म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

जयपूरला, सोडाला नावाच्या भागात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. आम्ही एक तपासणारं सॉफ्टवेअर बनवायचो. त्याला वेबसाइटचा पत्ता द्यायचा. अंध माणसाला ती वापरता येईल का, हे ते नियम लावून सांगायचं. पास तर हिरवं, नापास तर लाल. नियम लिहायचं काम माझं. काका मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, झोटवाड्याला मुलीकडे राहायचे. मालकांनी त्यांना आमच्या कामावर नजर ठेवायला नेमलं होतं. नजर हा शब्द काकांचाच.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज ते इतक्या वेगात लावत, की आम्हाला नुसती भुणभुण ऐकू येई. मध्येच थांबत. "फोटो म्हणतंय. कसला फोटो? बापाचा?"

"काका, फोटोला वर्णन पाहिजे एवढाच नियम आहे. मतलब, 'फोटो' लिहिलंय ना, झालं वर्णन."

"मतलब मतलब करू नकोस. मराठी धड येईना, हिंदी धड येईना, आणि निघाला नियम लिहायला!"

मराठी न कळणारेसुद्धा हसायचे. पुढे मी नीट मराठी लिहायला शिकलो, ते बहुतेक त्यांच्यावर डूख धरूनच.

त्यांना तिसरा निकाल हवा होता. यंत्राला कळत नसेल तिथे त्याने सरळ म्हणावं: सांगता येत नाही, माणसाने पाहावं. "सही जुळते की नाही कळलं नाही, तर आम्ही काय चेक पास करायचो?" मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला हिरवं हवं असतं. "मग रंगाऱ्याकडे जाऊ दे त्याला," काका म्हणायचे. मी मान डोलवायचो आणि काहीच करायचो नाही.

एकदा एका भरती परीक्षेच्या अर्जाचं पान आलं. त्यातल्या दोन बटनांना नावंच नव्हती, म्हणून यंत्राने लाल दाखवलं. तिथल्या प्रोग्रामरचा फोन आला तेव्हा मी घाईत होतो. "भैया, कुछ भी नाम डाल दो, हरा हो जाएगा," मी म्हटलं. त्याने दोन्हींना 'बटन' असं नाव दिलं. हिरवं झालं. अहवाल मी काकांना न ऐकवताच पाठवून दिला.

काका रविवारी घरी अंध मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवत. बस्सीहून विमला यायची. त्याच भरतीच्या वयाच्या अटीत बसण्याचं तिचं ते शेवटचं वर्ष. सगळा अर्ज तिने एकटीने भरला. शेवटी तिला ऐकू आलं 'बटन', आणि पुढे पुन्हा 'बटन'. एक अर्ज जमा करायचं, एक रद्द करायचं. तिने पहिलं दाबलं, ते रद्दचं निघालं. रद्द झालेला अर्ज परत भरता येत नव्हता.

सोमवारी काका माझ्या टेबलापाशी आले. "तो अहवाल कुणी पास केला?"

"नियमात बसत होतं, काका."

"नियम कुणाचा?"

"माझा."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. विमलाने रविवारी येणं सोडल्याचं कानावर आलं. त्याच आठवड्यात मी तिसरा निकाल घातला, अगदी त्यांच्याच शब्दांत. काकांनी तो ऐकला आणि पुढच्या पानावर गेले. शाबासकी राहिली बाजूला, हुं की चूं नाही. मला भयंकर राग आला.

मग मुलीची बदली झाली आणि काका जयपूर सोडून निघाले. शेवटच्या दिवशी दारात उभे राहून नाव विचारून एकेकाचा हात हातात घेत होते. मी नाव सांगितलं, तसा त्यांनी हात मागे घेतला.

मला राहवलं नाही. "काका, तुमचा तिसरा निकाल घातला ना मी? आता तरी सांगा, मी पास की नापास? की सांगता येत नाही?"

"नापास," ते म्हणाले. "यात न सांगता येण्यासारखं काय आहे?"

आणि काठीने पायरी चाचपत उतरून गेले. यंदा ते वारल्याचं साताऱ्याहून कळलं. माझ्यावरचा तो शेरा पुसू शकेल असं आता कुणी राहिलं नाही.