अरवा तातडीची झाली

बिल्कीस आमच्या दवाखान्याची नर्स. तिहामाच्या किनारपट्टीवरल्या या पाच गावांत निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली. लढाईपायी आठ वर्षं पगार नाही, तरी बाई रोज सकाळी हजर! मी इथली झाडूवाली, मला विचारा. "खाला, आपणही घरी बसलो तर कुलूप कोण उघडणार?" म्हणायची.

पटकीची साथ आली, तेव्हा बाहेरच्या संस्थेनं शेजारी तंबू ठोकले. डॉक्टर, सलाइन, सगळं आलं. त्यातल्याच एका डॉक्टरनं आमच्या गावातल्या सुऊदच्या पोरीचा, अरवाचा, साखरेचा आजार ओळखला आणि इन्सुलिन सुरू केलं. नऊ वर्षांची पोर, पुन्हा उड्या मारायला लागली.

साथ ओसरली आणि तंबू उठायला लागले. बिल्कीसनं त्यांच्या साहेबाला गाठलं. "पटकी गेली, साहेब. हिची साखर नाही गेली. उद्या हिला इन्सुलिन कोण देणार?"

"आमचं काम साथीपुरतं. गुरुवारी शेवटची गाडी शहरातल्या रुग्णालयात जाईल. पण फक्त तातडीचे रुग्ण."

"म्हणजे ही चालतेय-बोलतेय हा हिचा गुन्हा?"

साहेब कागद चाळत राहिला. जळलं मेलं ते काम!

संतापाच्या भरात बिल्कीसनं सुऊदला तेच ऐकवलं, "तातडीचं असेल तरच नेतील म्हणे!" सुऊद पोरीचा हात धरून घरी गेली.

गुरुवारी गाडी आलीच नाही. चौकीवर अडवली होती. शुक्रवारीही नाही. सुऊद पोरीला घेऊन सडकेच्या कडेला बसून होती, आम्हाला पत्ताच नाही. शनिवारी सकाळी तिला पाठीवर टाकून आली. अरवाला नुसती धाप लागलेली, हाक मारली तरी ओ नाही.

"शेवटची सुई कधी दिलीस?" बिल्कीस ओरडली.

"मंगळवारी."

"औषध संपलं?"

"नाही. तूच म्हणालीस ना, तातडीचं असेल तरच नेतील. म्हणून मी थांबवलं."

बिल्कीसनं सलाइन लावलं, सुऊदच्याच बाटलीतली सुई दिली, पोरीच्या गालावर चापट्या मारत राहिली. दुपारी अरवा गेली. दोघींपैकी कुणालाच बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

गाडी त्यानंतर तासाभरानं आली. "रुग्ण कुठं आहे?" ड्रायव्हरनं विचारलं.

सुऊदनं ओढणीची गाठ सोडली आणि उरलेल्या औषधाची बाटली बिल्कीसच्या हातात ठेवली.

"अजून अकरा दिवस पुरलं असतं," ती म्हणाली.