खालून केलेली बेरीज

बोरकर बाई कोणतीही बेरीज दोनदा करत: एकदा वरून खाली, मग खालून वर. चंडीगडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले. अमरावतीची बोली मात्र सोडली नाही. आमच्या शेजारीच राहत. माझी मुलगी शिकवणीला जायची. एकदा कंटाळून म्हणाली, "आंटी, एक बार काफी नहीं?"

"काहून? चुकलेला माणूस त्याच वाटेनं गेला की पुन्हा तिथंच चुकतो. खालून कर. क्रम बदलला म्हणून बेरीज बदलत नाही. बदलली, तर चूक तुझी."

गेल्या हिवाळ्यात बोरकर साहेबांची मूत्रपिंडे निकामी झाली. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, इस्पितळातल्या खाटेला खिळला. दिवसभरात एक लिटर द्रव, त्याहून थेंब जास्त नाही, असे डॉक्टरांनी बजावले. चहा, डाळीचे पाणी, औषधाचा घोट, सारे खाटेजवळच्या तक्त्यावर लिहिले जाई. एका सकाळी साहेबांनी चहा नाकारला, तेव्हा सिस्टरने रकाना कोरा सोडला.

"ज़ीरो लिखो, बेटा," बाई म्हणाल्या. "टोटल वही रहेगा. पर खाली जगह से पता नहीं चलता कि किसी ने पूछा भी था."

त्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो. साहेबांचे ओठ फुटले होते. तक्त्यावर बेरीज ८५०. म्हणजे दीडशे मिली शिल्लक. बाईंनी पेल्यात तेवढे पाणी घेतले आणि तक्ता खालून मोजला. ९५० आले. मग जोड्या लावल्या: दीडशे-पन्नास, दोनशे-दोनशे, अडीचशे-शंभर. पुन्हा तेच. सिस्टरकडून शंभर धरायचे राहिले होते.

"शंभरानं काय होते गं?" साहेब म्हणाले. "कोणी पाहून नाही राहिलं."

"मी पाहून राहिली ना."

त्यांनी पेल्यातले शंभर मिली बेसिनमध्ये ओतून टाकले. उरलेले पन्नास चमच्याने पाजले. साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्या दिवशी ते बाईंशी पुन्हा बोलले नाहीत.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी मर्यादा उठवली. "अब जितना माँगें, दीजिए." बाईंना अर्थ कळला. त्यांनी पेला काठोकाठ भरला. साहेबांनी दोन चमचे घेतले. तिसरा हनुवटीवरून उशीवर ओघळला. बाईंनी तक्त्यावर दहा लिहिले.

"आंटीजी, अब लिखना नहीं है," सिस्टर हळूच म्हणाली.

साहेब दुपारी गेले. पेला जवळजवळ भरलेलाच होता.