आधी घर बघू

माझी पहिली मुलगी जुलाबानं गेली. आमच्या डाळजच्या वाडीवरून बारामतीला दवाखान्यात नेत होतो, भिगवण ओलांडायच्या आधीच मांडीवर गार पडली. म्हणून दुसरी झाली तेव्हा मी तिच्यावर कुणाची सावलीसुद्धा पडू देत नव्हते.

नव्वदनंतरची ती सालं. बारामतीच्या एका दवाखान्यातला तरुण डॉक्टर मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधून वाडीत आला. म्हणाला, तान्ह्या मुलांना जुलाब होऊ नयेत म्हणून नवे थेंब निघालेत, त्यांची चाचणी करायचीय. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना नुसतं गोड पाणी. कुणाला काय मिळालं ते मलाही कळणार नाही.

मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "आवं, देणाऱ्यालाच ठावं न्हाय काय देतोय, मग आमी काय म्हनून घ्यायचं?"

"तसं केलं तरच खरं कळतं, ताई," तो म्हणाला. मग माझ्या सासऱ्यांकडं वळला. "आबा, मेंढरांचं नवं औषध आणलं की तुम्ही आधी थोड्यांनाच देऊन बघता ना? हे तसंच."

सासऱ्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. आता ऊस लावला होता, तरी दावणीला दोन-चार मेंढरं होतीच. ते म्हणाले, "व्हय, देतो की. पर कंच्या मेंढरास्नी देतो त्ये इचारा. लंगडं, म्हातारं, गेलं तरी चालंल असलं."

त्या दिवशी वाडीतून एकही लेकरू त्याला मिळालं नाही. गाडीला किक मारताना "अडाणी लोक" म्हणून पुटपुटला, ते मी ऐकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोटं कशाला बोलू, पोरीला जरा पातळ झालं की जीव खालीवर व्हायचा. ते थेंब खरंच गुणाचे असले तर?

पुन्हा आला तेव्हा सासरे म्हणाले, "पोरगी मागताय न्हवं? मग आदी घर बघू." डॉक्टर हसला. आम्ही हसलो नाही. मुलगी द्यायची तर घर बघायला जातातच, आमच्यात ती रीत आहे.

एसटीनं बारामतीला गेलो. एमआयडीसीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मी पाण्याचा माठ बघितला, झाकलेला होता. डॉक्टरच्या बायकोनं चहा आणला. तिच्या कडेवर माझ्या पोरीएवढंच पोरगं. मी सरळच विचारलं, "ह्याला दिलं का त्ये थेंब?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "नाही," म्हणाली. "माझा धीर नाही झाला."

माझा तोल गेला. "आमी न्हाय म्हनलं तर अडाणी, आन तुमच्या घरात न्हाय म्हनलं तर आईचं काळीज, व्हय?" चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

वाटलं, आता हा काही तोंड दाखवत नाही. पण आला. बिरोबाच्या देवळापुढं वाडी गोळा झाली. त्यानं उभं राहून सांगितलं, "माझ्या मुलाला मी थेंब दिलेले नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या लेकरावर दवाखान्यात नेहमीसारखेच उपचार होतील." मला वाटलं, ह्याची ही काहीतरी नवी चाल असणार. माझ्या मागं कुणीतरी म्हणालंच, "ह्यात गोम हाय."

मी विचारलं, "आता तरी मालकीणबाई काय म्हनत्यात?"

होय म्हणाला असता तर कोण बारामतीला बघायला जाणार होतं? पण तो म्हणाला, "ती अजून नाहीच म्हणते."

बायका पोरं उचलून घरी निघाल्या. सासरेही उठले. मी उठले नाही. स्वतःच्या कामावर पाणी पडत असताना हा माणूस खरं बोलला होता, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला पटलेली तेवढीच एक गोष्ट. त्यानं पोरीला तपासलं, कागद सावकाश वाचून दाखवला, मी सही केली.

बाटली पोरीच्या तोंडाशी नेण्याआधी त्यानं मला पुन्हा एकदा विचारलं, "देऊ ना, ताई?" विचारलं नसतं, तर मी तिला तिथूनच मागं ओढलं असतं.